नवतप्यातला भेदरा

रस्त्याचं डांबर चपलेला चिकटायला लागलं, की भद्रावतीच्या कॉलनीतल्या बाजारात भेदरे एकाच टोपलीत दिसायचे. भेदरे म्हणजे टमाटर. शिकलेली माणसं टोमॅटो म्हणतात, पण मे महिन्यात त्यांनाही ते सुगंधाबाईपुढे उकिडवं बसूनच घ्यावे लागायचे. बाजूच्या बायांपुढे सुकलेली गवार, कांदे आणि माशा. आणि कोसमबोडीच्या सुगंधाबाईपुढे ओल्या फडक्याखाली लिंबाएवढे लालभडक भेदरे. लग्नसराईतले आचारी आडून आडून विचारायचे, कॉलनीतल्या बाया गोड बोलायच्या. सुगंधाबाई कोणाला हाक मारत नसे. गिऱ्हाइकानं दोनदा विचारलं तर एकदा उत्तर द्यायची, तेही आभाळाकडे पाहत.

"एवढा तोरा ठाणेदाराच्या बायकोलेही नसते," असं कांदेवाली म्हणायची. म्हणायची मात्र सुगंधाबाई एस.टी.त बसून गेल्यावर.

तोऱ्याला कारण होतं. चंद्रपूरकडचा उन्हाळा ज्यानं काढला त्याला ते सांगावं लागत नाही. मेच्या शेवटी नवतप्याचे नऊ दिवस लागतात, तेव्हा कावळासुद्धा चोच उघडी ठेवून बसतो. भेदऱ्याचं झाड पाणी पाजून जगवता येतं, फूलही येतं. पण सकाळी आलेलं फूल संध्याकाळी देठासकट खाली. गावोगाव हीच कथा. सुगंधाबाईच्या वाडीत मात्र फूल टिकायचं आणि फळ धरायचं. तलावाच्या पाळीखाली झिरप्याच्या ओलीवर तिची वाडी होती. नवरा मुखरू त्याच तलावात मासे धरायचा. पोरानं बापाचं नाव काढावं म्हणतात. मुखरूचं नाव बायकोनं असं काढलं होतं, की पंचक्रोशीत त्याला 'भेदरेवालीचा नवरा' म्हणूनच ओळखायचे.

बी तिच्या माहेरचं. लग्न होऊन आली तेव्हा आईनं वाळलेल्या भोपळ्याच्या तुंब्यात राखेत कालवून दिलं होतं आणि दोन गोष्टी बजावल्या होत्या. एक, हिवाळ्याचा भेदरा खायचा, नवतप्यातला भेदरा बियाला राखायचा, आणि तोही ज्या झाडानं ऐन उन्हात सगळ्यांत जास्त फळ धरलं त्याचा. मग तो चिंचोक्याएवढा का असेना. दुसरी, हे बी लेकीला द्यायचं. सुनेला नाही, शेजारणीला तर नाहीच.

सुगंधाबाईला दोन पोरं झाली, लेक एकही नाही. मग बी पुढे कोणाला, हा प्रश्न गावातल्या सगळ्यांना पडला. तिला तेवढा कधी पडला नाही.

सगळ्यांत जास्त पडला तो नीलाबाईला. नीलाबाई म्हणजे मुखरूच्या चुलतभावाची बायको, नात्यानं जाऊ, आणि दोघींच्या वाड्यांमध्ये बोराटीचं एक कुंपण. दर वर्षी ती कुंपणावरून मागायची.

"बाई, चिमूटभर बी द्या ना वो अवंदा. मी का बाजारात नेऊन राह्यली? घरी चटणीपुरते."

"तुह्या घरच्या चटणीले माह्ये भेदरे घेऊन जा ना. बी कायले पायजे?"

भेदरे देण्यात ती हात आखडत नसे, हे मान्य केलं पाहिजे. परडीभर द्यायची. पण नीलाबाईला द्यायच्या परडीत तिनं कधी पिकलेला भेदरा घातला नाही. हिरवे द्यायची, कोवळे; ज्यांचं बी रुजत नाही असे.

त्र्याण्णव सालची गोष्ट. एक पिकलेला भेदरा कुंपणापलीकडे कसा गेला, देव जाणे. नीलाबाई म्हणे, पोपटानं टाकला. पोपट मोठा शिस्तीचा असावा, कारण झाडं ओळीनं उगवली, हातहातभर अंतरावर, सात. सुगंधाबाईनं ती पाहिली तेव्हा गुडघाभर झाली होती. ती बोराटीतून तशीच घुसली, लुगडं फाटलं, दंडावर ओरखडे आले, आणि भर सकाळी, विहिरीवरच्या बाया पाहत असताना, तिनं सातही झाडं मुळासकट उपटली. उपटून पाळीवर नेऊन टाकली, शेळ्यांपुढे. नीलाबाई दारात उभी होती. तिनं हात पुढे केला नाही की शिवी दिली नाही. 

रात्री मुखरू म्हणाला, "सात झाडानं का तुह्या भेदऱ्याले गरिबी आली असती?"

"तुमी मासे धरा," सुगंधाबाई म्हणाली.

मग सत्त्याण्णवच्या मे महिन्यात कॉलनीच्या बाजारात एक पोरगी आली. पंजाबी ड्रेस, पाठीवर पिशवी, डोक्यावर दुपट्टा. तिनं भाव विचारला नाही. भेदरा उचलला, मधोमध फोडला आणि आत काय आहे ते पाहू लागली.

"काय वं, अळी शोधून राह्यली का?" सुगंधाबाई करवादली.

"नाही मावशी. बी आहे का बघत होते." पोरीचे डोळे चमकले. "एवढ्या उन्हात फळ धरलं, आणि बीही भरलंय! हे कुठून आणलं?"

तिचं नाव नूतन. चंद्रपूरची, बुद्धविहाराजवळच्या वस्तीतली. बाप वेकोलीच्या कोळसा खाणीत, पोरगी शेतकी कॉलेजात मोठी परीक्षा देत होती. भाजीपाल्याची झाडं ऊन आणि थंडी कशी सोसतात, हाच तिचा अभ्यास. दुसऱ्याच दिवशी ती एस.टी.नं कोसमबोडीला आली आणि भर दुपारी वाडीत झाडाझाडापुढे गुडघे टेकून बसली. सुगंधाबाईनं आधी तिला चोर समजलं, मग वेडी, आणि तिसऱ्या दिवशी जेवायला वाढलं.

"फुलाच्या पोटात पराग असतो मावशी, पिवळी भुकटी. रात्रही तापलेली राहिली की तो मरतो. मग फूल वांझ, गळून जातं. तुमच्या झाडाच्या बियात काही खुणा लिहिलेल्या आहेत. जनुक म्हणतात त्याला. ऊन चढलं की त्या जाग्या होतात आणि झाडाच्या आत राखणदार तयार करतात. हे राखणदार बाकीच्यांना मोडू देत नाहीत."

"म्हणजे घराले आग लागली की मोहल्ला बादल्या घेऊन धावते, तसं?"

"तसंच! बाकीच्या भेदऱ्यातही मोहल्ला असतो, पण उशिरा धावतो."

"आन् थंडीत?"

"थंडीचे राखणदार वेगळे. तुमच्या झाडानं उन्हाचे पोसले, थंडीचे पोसले नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या तुम्ही नवतप्यातलंच बी राखलं ना, म्हणून. आणि ही एक खूण नाही मावशी, पुष्कळ आहेत. सगळ्या एका झाडात असल्या तर जमतं. विस्कटल्या की परत गोळा होणं कठीण."

सुगंधाबाईला आईची आठवण आली. अंगठा उठवणारी तिची आई, आणि ही कॉलेजातली पोरगी तिचंच बोलणं पुस्तकातून सांगून राहिली होती. त्या भरात तिनं तुंबा खाली काढला आणि ओंजळभर बी नूतनच्या रुमालात घातलं. कुंपणापलीकडून नीलाबाई पाहत होती. ओंजळभर! चिमटीसाठी जिनं सात झाडं उपटली, तिनं.

नूतनचे मोठे साहेब होते. त्यांनी बी पाहिलं आणि ठरवलं, की कॉलेजच्या शेतावर याची परीक्षा घ्यायची. बाजूला बाजारातली हायब्रीड लावायची आणि शेतकऱ्यांना बोलावून दाखवायचं. परीक्षा ठेवली जानेवारीत.

"सर, हे उन्हाळी बी आहे," नूतन म्हणाली म्हणे.

"उन्हाळ्यात कॉलेजला सुट्टी असते," साहेब म्हणाले.

खोटं नव्हतं. मेमध्ये शेतावरची विहीर कोरडी, मजूर गावी, साहेब सासुरवाडीला. शिवाय योजनेचा कागद मार्चच्या आत वर जायचा होता.

त्या जानेवारीत कडाक्याची थंडी पडली. सुगंधाबाईला आणायला जीप आली. ती नवं लुगडं नेसली, मुखरूनं टोपी धुतली. अख्खं कोसमबोडी पाळीवर उभं राहून जीप पाहत होतं. शेतावर मांडव, खुर्च्या, चहा. एका अंगाला हायब्रीडची झाडं, मुठीएवढ्या फळांनी वाकलेली. दुसऱ्या अंगाला तिची झाडं. थंडीनं काकडून पानं खालून जांभळी पडलेली, खोडं खुरटलेली, आणि फळं अशी की शोधावी लागत होती.

साहेबांनी एक फळ तोडून तळहातावर धरलं, सगळ्यांना दाखवलं.

"बाई, हे टोमॅटो आहेत की बोरं?"

मांडव हसला. शंभरेक माणसं असतील. त्यात मुखरूही हसला. त्याला वाटलं, साहेब गंमत करतात तेव्हा हसायचं असतं.

सुगंधाबाईच्या तोंडात जीभ होती. सगळं गाव त्या जिभेला भ्यायचं. 'उन्हाळ्यात या साहेब, मग बोलू,' एवढंच म्हणायचं होतं. पण मांडवात, खुर्चीवर, नव्या लुगड्यात तिला ते जमलं नाही. ती पदर चाचपत राहिली. नूतननं मान खाली घातली होती. शेवटी साहेबांनी नारळ दिला, शाल दिली, आणि उत्तेजनार्थ म्हणून हायब्रीडच्या बियाचं एक चकचकीत पाकीट दिलं.

परत येताना जीपमध्ये ती एकच वाक्य बोलली. "तुमी काऊन हासले?"

मुखरू टोपी काढून तिची घडी घालत राहिला. 

आपल्याकडे अपमान झाला की माणूस दारू पितो नाहीतर तीर्थाला जातो. सुगंधाबाईनं भेदरे मोठे करायला घेतले. पाकिटातलं बी आपल्या झाडांच्या शेजारीच, एका वाफ्याच्या अंतरावर लावलं. आणि बी राखताना नवतप्याची वाट पाहणं सोडून हिवाळ्यातला सगळ्यांत मोठा भेदरा तुंब्याला राखायला सुरुवात केली.

नूतन त्यानंतर एकदा येऊन गेली. ओळी पाहून तिचा चेहरा उतरला.

"मावशी, हायब्रीड लांब लावा हो. तुमच्या फुलाची जीभ जरा बाहेर असते, दुसऱ्याचा पराग तिला लवकर चिकटतो. भुंगे का थांबणार आहेत?"

"जीभ बाहेर?" मुखरू जाळं विणता विणता म्हणाला. "झाड मालकिणीवर गेलं म्हनावं."

"तुह्या साहेबानंच देलं थे बी," सुगंधाबाई नूतनला म्हणाली. "थे पाकीट देत होते तवा तू काऊन नाई बोलली?"

पोरगी पाठीवर पिशवी टाकून उठली. ते तिलाही लागलं असावं. पुढच्या वर्षी ती बँकेची परीक्षा पास होऊन नागपूरला लागली, आणि झाडांचं ऊन-थंडी तिच्यापुरतं संपलं.

इकडे दर हिवाळ्याला भेदरे वाढत चालले. लिंबाचे अंड्याएवढे झाले, अंड्याचे मुठीएवढे. दर वर्षी सगळ्यांत मोठा निवडायचा म्हणजे ज्यात हायब्रीड सगळ्यांत जास्त घुसलं तोच निवडायचा, हे तिला कोण सांगणार? गाव वाहवा करत होतं. उन्हाळ्यात फळं दर साली थोडी कमी येत होती, पण आली ती मोठी होती. टोपली भरलेली दिसत होती. जुनं बी म्हणून तिनं काही बाजूला ठेवलं नाही. तुंबा एकच होता.

दोन हजार तीनचा नवतपा आला. लागोपाठ पाच दिवस अंग भाजून काढणारी लू सुटली. तलावातले मासे उलटे होऊन वर आले. सहाव्या सकाळी सुगंधाबाई वाडीत गेली, तर झाडाखाली पिवळा सडा. फुलं, सगळी फुलं. तिनं एकेक झाड हलवून पाहिलं. दुपारपर्यंत दोनशे झाडं हलवली. एकावरही फळ नव्हतं.

त्या आठवड्यात ती बाजारात घोळीची भाजी घेऊन बसली.

"काय सुगंधाबाई, भेदरे?" आचाऱ्यानं विचारलं.

"सपले," ती म्हणाली. आभाळाकडे न पाहता.

बाजूच्या कांदेवालीनं दहा वर्षं हा दिवस मागितला होता. आला, तर ती आपले कांदेच चाळत बसली.

सुगंधाबाई कॉलेजात गेली. ओंजळभर बी दिलं होतं, चिमूटभर तरी परत मिळेल. मोठे साहेब बदलून गेले होते. एका बाबूनं वही काढली, बोट फिरवत वाचून दाखवलं, "क्रमांक चौदा. स्थानिक. फळ लहान, उत्पन्न कमी. पुढे ठेवले नाही."

"ठेवलं नाई म्हंजे फेकलं?"

"ठेवलं नाही म्हणजे ठेवलं नाही, बाई."

बाबू भला होता; त्यानं नूतनचा बँकेतला नंबर तेवढा दिला. भद्रावतीच्या एस.टी.डी. बूथवरून सुगंधाबाईनं फोन लावला, आणि सडा पडल्याचं सगळं सांगितलं. पोरगी तिकडून म्हणाली, "माझ्याकडे नुसते कागद आहेत मावशी. बी नाही. पण तुमच्या झाडांत थोड्या खुणा अजून विखुरलेल्या असतील. पुढच्या नवतप्यात एखाद्या झाडानं एक जरी फळ धरलं, तर तेवढंच राखा. पुन्हा पहिल्यापासून."

"पयल्यापासून म्हंजे किती वर्ष?"

"तुमच्या आईला किती लागली असतील?"

पन्नाशी ओलांडलेल्या बाईनं फोन ठेवला. माहेरी विचारून झालं होतं. भावजयीनं केव्हाच हायब्रीडची पाकिटं धरली होती. आता एकच दार उरलं होतं, बोराटीपलीकडचं. त्या दाराशी जायला तिला आठ दिवस लागले.

नीलाबाई तांदूळ निवडत होती. तिनं बस म्हटलं नाही.

"नीला, थ्या वक्ती... थे सात झाडं. त्याच्यातलं एखांदं..."

"सातच होते बाई."

"मले वाटलं, एखांदा भेदरा लपवला असंल तू. पुन्यांदा पेरला असंल."

"पेरला असता," नीलाबाई म्हणाली आणि सूप खाली ठेवलं. "पन तुमी पाळीवर शेळ्याईले टाकले, तवा मी मांगं मांगं आली होती. वाटलं, शेळ्या सोडतीन एखांदं. नाई सोडलं."

सुगंधाबाई उठली. जिभेवर पुष्कळ आलं असेल, बोलली मात्र एवढंच, "पुढच्या साली एखांदं फळ धरलं, तर अर्धं बी तुह्यं."

"माह्यी सून हाये. तिलेही द्यायचं."

"दे."

आईचा नियम असा मोडला, दारातल्या दारात, उभ्याउभ्या. दहा वर्षं आधी मोडला असता तर नियमालाही बरं झालं असतं.

दोन हजार चारच्या नवतप्यात पुन्हा सडा पडला. पण पाळीच्या बाजूच्या चौथ्या ओळीत एका झाडाला, पानाआड, एक हिरवा मणी दिसला. सुगंधाबाई धावत घरी गेली नाही, कुंपणाकडे गेली. "नीला! वं नीला! ये इकडं!" गावानं अकरा वर्षांत ही हाक ऐकली नव्हती. मुखरूला वाटलं, भांडण पुन्हा लागलं. तो जाळं टाकून पळत आला.

मग पंधरा-वीस दिवस त्या एका फळाची जी बडदास्त झाली, ती गावातल्या बाळंतिणीची झाली नसेल. नीलाबाईनं आपल्या घरचं पोतं ओलं करून वारा अडवला. मुखरूनं जाळं टाकलं, खारीनं शिवू नये म्हणून. मासे धरायचे सोडून त्यानं आयुष्यात पहिल्यांदा काही राखलं. पाळीपाळीनं दोघी जावा तिथे बसायच्या. बोलायच्या कमी. फळ लिंबाएवढं झालं, मग पिवळं, मग लाल. पाहायला गाव येऊन गेलं. लालभडक, जुन्यासारखं.

एका सकाळी ते तोडलं. सुगंधाबाईच्या ओसरीवर दोघी बसल्या, मधे ताट, ताटात चाळलेली राख. नीलाबाईनं स्वतःचा तुंबा आणला होता, कोरा, वाळवून, घासून, तोंडाला फडकं बांधून. अकरा वर्षं तो कुठे ठेवला होता, कोणी विचारलं नाही.

सुगंधाबाईनं विळ्यावर भेदरा कापला.

आत काही नव्हतं. गर होता, पाणी होतं, पांढऱ्या पडद्यांची रिकामी घरं होती. तिनं दोन्ही फोडी बोटानं चाचपल्या, एक ताटात पिळली, गर राखेत कालवून बोटांनी पसरला. नीलाबाईनं राख चिमटीत घेऊन घासून पाहिली. पुन्हा पाहिली. बी एक नव्हतं. उन्हानं फळ धरू दिलं होतं. फुलातला पराग आधीच मेला होता. सत्त्याण्णव साली बाजारात ती पोरगी भेदरा फोडून काय पाहत होती, ते सुगंधाबाईला आत्ता कळलं.

 मुखरू खांबाशी उभा होता. या वेळी तो हसला नाही.

नीलाबाई उठली, आत गेली आणि चुलीपाशी ठेवलेलं मीठ घेऊन आली. उरलेल्या फोडीचे दोन तुकडे केले, मीठ लावलं, एक सुगंधाबाईपुढे ठेवला.

"खा."

दोघींनी खाल्लं.

"आंबट हाये का वं?" सुगंधाबाईनं विचारलं. तिला स्वतःला कळत नसावं.

नीलाबाईनं थोडं चघळलं. "नाई," ती म्हणाली. "काईच नाई लागत." मग तिनं आपला कोरा तुंबा उचलला, आत फुंकर मारली, आणि बोराटीच्या कुंपणाला वळसा घालून, दारानं, घरी गेली.